सगळ्यांना सगळे अधिकार

'ॲक्सेस डिनाइड' या दोन शब्दांनी माणसाचा केवढा अपमान होतो, हे मला गोंदियाला परत येईपर्यंत माहीत नव्हतं. हैदराबादला मी सहा वर्षं तेच काम केलं होतं. मोठ्या कंपनीचं मोठं स्टोरेज, त्यावर हजारो लोकांचे फोल्डर. कोणाला काय दिसावं, कोणाला लिहिता यावं, कोणाला पुसता यावं, हे ठरवून द्यायचं आणि सांभाळायचं. तिथे एखाद्याला फोल्डर उघडता आला नाही तर तो अर्ज टाकायचा, त्याच्या वरचा माणूस मंजुरी द्यायचा आणि मी अधिकार देऊन मोकळा व्हायचो. त्यात कोणाच्या इज्जतीचा प्रश्न कधी आला नाही.

वडिलांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून मी फुलचूरच्या घरी परत आलो. नागपूरच्या एका कंत्राटदाराने मला गोंदियातल्या एका कचेरीत नेमलं. कोणत्या ते सांगत नाही. भंडाऱ्यापासून जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावोगावची जुनी रजिस्टरं ट्रकांत भरून इकडे आली होती आणि दहा-अकरा वर्षं कापडात बांधलेली पडून होती. शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यांचं पान न् पान स्कॅन करायचं, एका जागी साठवायचं आणि कचेरीतल्या प्रत्येक टेबलावरून ते दिसलं पाहिजे, असा हुकूम निघाला. त्यासाठी माणसाच्या उंचीचं एक स्टोरेज आलं, एसीच्या खोलीत उभं राहिलं, आणि सगळे त्याला कपाट म्हणू लागले.

त्या पानांची किंमत मला कोणी शिकवायला नको होती. छप्पन सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, पण जातीच्या दाखल्याला त्याआधीची नोंद लागते, आणि आमची नोंद आजोबांच्या शाळेच्या एका पानावर होती. त्या एका पानासाठी वडिलांनी भंडाऱ्याला घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. दर वेळी ते परत यायचे, पायावर पाणी घ्यायचे आणि कागदांची पिशवी तशीच खुंटीला अडकवायचे. त्यामुळे हे काम मी मन लावून करणार, असं ठरवूनच पहिल्या दिवशी गेलो.

स्कॅनिंगच्या टेबलावर एक बाई होत्या. दवनीवाड्याच्या पोवारांच्या घरची सून, नवरा वारलेला, मुलगी तेव्हा अकरावीला. रोज एसटीने यायच्या. माझ्यासारख्याच कंत्राटी. मी त्यांना ताई म्हणायचो. रजिस्टर उघडलं की आधी प्रत्येक पानावर हलकी फुंकर, मग मऊ फडक्याने पुसणं, फाटकं पान असेल तर त्याखाली कोरा कागद, आणि मगच काचेवर. फाइलला नाव देताना तालुका, गाव, साल, पान, याच क्रमाने. दोन वर्षांत त्यांच्या हातून एकही नाव उलटसुलट झालेलं मी पाहिलं नाही. सडक अर्जुनी तालुका त्यांनी एकटीने केला, कोहमाऱ्यापासून पार आतल्या गावांपर्यंत. त्यातली बरीच रजिस्टरं वाळवीने खाल्लेली होती. कित्येक पानं काचेवरून उचलताना भुगा झाली. म्हणजे त्या पानांचं जे काही उरलं ते आमच्या कपाटातच.

म्हणून मी अधिकार आखून दिले होते. स्कॅनिंगवाल्यांनी टाकावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं आणि छापावं, पुसणं किंवा हलवणं माझ्याशिवाय कोणाला जमू नये. साधी गोष्ट. ती पंधरा दिवससुद्धा टिकली नाही.

साहेब पुण्याकडचे. एकदा त्यांनी आमगावच्या फोल्डरमध्ये स्वतःचं कुठलंतरी पत्र ठेवायचा प्रयत्न केला आणि पडद्यावर ते दोन शब्द आले. मला चेंबरमध्ये बोलावलं. या कचेरीचा प्रमुख मी, आणि हे यंत्र मला नाही म्हणतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, साहेब, तुम्हाला सगळं दिसतंच आहे, फक्त चुकून काही हलू नये म्हणून ही सोय. ते म्हणाले, "मला समजावू नका. करा." केलं. दुसऱ्या दिवशी बडे बाबू आले. हेडक्लार्कला आमच्याकडे बडे बाबूच म्हणतात, आणि हे तर गोंदियातच जन्मलेले, त्यांचा राग-लोभ सगळा हिंदीतून. साहेबांना आहे आणि मला नाही, मग मला कोण विचारणार, हा त्यांचा मुद्दा. त्यांनाही दिले. मग त्यांच्या हाताखालच्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. महिनाभरात कचेरीतल्या सव्वीसच्या सव्वीस जणांना सगळे अधिकार होते. त्यातले बहुतेक एकाच नावाने आत शिरायचे आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असायचा.

या कचेरीत लोखंडी कपाटांच्या किल्ल्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या असतात. ज्याला लागेल त्याने घ्यावी, काम झालं की परत टांगावी. कुलूप लावून घेणारा माणूस तिथे आखडू समजला जातो. वर्षानुवर्षांची रीत आहे आणि मी तिला हसत नाही, कारण लोखंडी कपाटातला अख्खा तालुका कोणाचा हात घसरला म्हणून दुसऱ्या कपाटात जाऊन पडत नाही. माझ्या कपाटात तो पडतो. हे मी चार वेळा सांगितलं. चारही वेळा मला चहा पाजून परत पाठवलं.

अजून एक कवच होतं. असं स्टोरेज दर काही तासांनी सगळ्या फोल्डरांची छबी घेऊन ठेवतं. काही हरवलं तर तिच्यातून परत आणता येतं. पण छबीला जागा लागते, आणि जागा लग्नांच्या व्हिडिओंनी भरली होती. साळीची लग्नं, साळ्याची लग्नं, वरातीत नाचणारे सगळे नातेवाईक सरकारी कपाटात. व्हिडिओ काढा म्हणालो तर बडे बाबूंनी उलटंच सांगितलं. "ये फोटो-वोटो बंद कर भाऊ, जागा खा रहा है." मी बंद केलं. टिपणी लिहिली, सही केली, फाइलला लावली आणि हात झटकले. तेव्हा मला त्या टिपणीचा अभिमानही वाटला होता. आता आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

मग साहेबांना खाजगी फोल्डर हवा झाला. असा की कोणाला आत डोकावता येऊ नये. "तुम्हालाही नाही," हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं. शिवाय तो कोपऱ्यात नको, आठ तालुक्यांच्या मुख्य यादीतच हवा, उघडायला सोपा. मी केला, आणि स्वतःचं नाव त्यातून काढून घेतलं. यादीत तो सडक अर्जुनीच्या बरोबर खाली आला. सगळ्या कचेरीत एकच दार बंद होतं, आणि ते साहेबांचं.

ॲडमिशनचे दिवस होते. शनिवारी ताईंनी बडे बाबूंकडे सोमवार-मंगळवारची रजा मागितली. मुलीला घेऊन नागपूरला जायचं होतं, कॉलेजच्या प्रवेशासाठी. बडे बाबू नाही म्हणाले. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "रजा नाही देत तं नका देऊ. पोरीचं काम आहे, मी जातो." आणि त्या गेल्या. बडे बाबूंचा तिळपापड झाला. कंत्राटी बाई, आणि असं तोंडावर.

मंगळवारी सकाळी कोहमाऱ्याजवळच्या एका गावचा माणूस मुलीच्या दाखल्यासाठी पान मागायला आला. क्लार्कने पडदा उघडला तर सडक अर्जुनी नाही. सात तालुके आणि साहेब. अख्खा तालुका गेला होता, वाळवीतून वाचवलेल्या पानांसकट.

मी शोधायला बसलो होतो, तोवर बडे बाबू एक टाइप केलेला कागद घेऊन आले. सदर फोल्डर नष्ट करणे स्कॅनिंगच्या ऑपरेटर बाईंना शक्य होते काय, याबाबत होय किंवा नाही असा स्पष्ट अभिप्राय द्यावा. मी म्हणालो, आधी बघू तरी द्या काय झालंय. ते म्हणाले, बघ ना, निवांत बघ. "तू बस इतना बता, वो कर सकती थी या नहीं?"

मी प्रश्नाखाली लिहिलं: होय. त्यांना तसे अधिकार आहेत.

सही केली, तारीख घातली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मला शोधात पुन्हा डोकं घालायचं होतं, आणि लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

तो कागद कंत्राटदाराकडे गेला आणि दुपारी त्याचा फोन कचेरीत आला, बाईंना आता कामावर घेऊ नका. बुधवारी ताई आल्या तेव्हा शिपायाने त्यांना दारातच थांबवलं. हातात डब्याची पिशवी होती. मी खाली गेलो. त्यांनी विचारलं, "काय झालं भाऊ? सारेच माह्याकडे पाहून राहिले." मी सांगितलं, एक फोल्डर सापडत नाहीये, सापडला की सगळं ठीक होईल. कागदाचं बोललो नाही. त्या एसटी स्टँडकडे चालत गेल्या आणि मी वर येऊन कपाटासमोर बसलो.

दोन दिवस शोधलं. ताईंनी नावं इतकी नेटकी दिली होती की एक जरी फाइल कुठे असती तरी लगेच हाती लागली असती. एकही लागली नाही. पुसून टाकलं असावं असंच मलाही वाटायला लागलं होतं. ताईंबद्दलही वाटलं, थोडा वेळ, की शनिवारी रागात जाता जाता पुसलं असेल. तेही इथे लिहून टाकतो, कारण लिहिलं नाही तर या सगळ्याला अर्थ नाही.

शुक्रवारी जेवताना घास हातातच राहिला. मी शोधत होतो ते जिथे मला दिसतं तिथे. आणि एका जागी मला दिसतच नव्हतं.

साहेब देवरीकडे दौऱ्यावर होते. माझ्यासारख्याला कुठल्याही फोल्डरची मालकी स्वतःकडे घेता येते. फक्त त्याची खूण मागे राहते. मी घेतली. साहेबांच्या फोल्डरच्या आत, त्यांच्या प्रवासभत्त्याच्या अर्जांच्या आणि तीर्थयात्रेच्या फोटोंच्या मधे, सडक अर्जुनी होतं. सगळी गावं, सगळी सालं, सगळी पानं. मग मी ते केलं जे मंगळवारी सकाळी करायला हवं होतं: नोंदवही उघडली. कपाट स्वतःची नोंदवही ठेवतं, कोणी काय हलवलं त्याची. सोमवार, सकाळी अकरा चाळीस, साहेबांचं नाव, चेंबरमधलं मशीन. साहेबांना फोनवर बोलताना माऊसचं बटण दाबून धरायची सवय आहे, हे मी स्वतः पाहिलेलं. बोलता बोलता हात खाली घसरला आणि वरचा तालुका खालच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला. त्यांना कळलंही नसेल. त्या वेळी ताई मुलीला घेऊन नागपूरला कुठल्यातरी रांगेत उभ्या होत्या.

तालुका परत त्याच्या जागी ठेवला, आणि नोंदवहीचं पान छापून मी बडे बाबूंसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, उठून दार लावलं. मला वाटलं, आता शरमतील. ते म्हणाले, मिल गया ना, तो बात खतम. ताईंचं काय, असं मी विचारलं. बाई बिनरजेची गेली होती, कंत्राटदाराने दुसरी पाठवली आहे, आता ते मढं कशाला उकरतोस, असा सूर. अहवालात तांत्रिक बिघाड लिहायचं, दुरुस्त केला म्हणून माझं कौतुकही लिहायचं. मी म्हणालो, बिघाड झालेलाच नाही. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "साहब का नाम लिखेगा तू?"

सोमवारी साहेबांनी बोलावलं. निदान ते तरी दोन शब्द बरे बोलतील, असं मनात धरून मी गेलो, एवढा मी मूर्ख. त्यांच्यासमोर माझ्या मालकीची खूण छापून ठेवलेली होती. माझ्या फोल्डरमध्ये कोणाच्या परवानगीने गेलात, एवढंच त्यांना हवं होतं. तालुका सापडला, पानं वाचली, एका बाईचं काम गेलं, हे मी सांगत होतो आणि ते मला मधेच तोडून परत तेच विचारत होते. शेवटी माझा आवाज चढला. बाहेर सगळ्यांना ऐकू गेला असणार, कारण मी बाहेर आलो तेव्हा सगळे मान खाली घालून टाइप करत होते. ज्याच्या मशीनला वीज नव्हती तोसुद्धा.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. फोल्डर हलवण्याचे अधिकार कोणाकोणाला होते त्यांची सव्वीस नावं, पहिलं साहेबांचं, शेवटचं माझं. हे अधिकार कोणाच्या सांगण्यावरून दिले, छबी कोणाच्या सांगण्यावरून बंद झाली, आणि नोंदवहीतली सोमवारची ओळ जशीच्या तशी. ऑपरेटर बाई त्या वेळी कचेरीत नव्हत्या आणि त्यांच्यावरचा ठपका चूक आहे, हे वेगळ्या परिच्छेदात. आवक खिडकीवर दिलं. खिडकीवरच्याने पूर्ण वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि माझ्या प्रतीवरही मारला. आठवड्याच्या आत कंत्राटदाराचा फोन आला, उद्यापासून यायचं नाही. जायच्या आधी सगळ्यांचे सगळे अधिकार काढून घ्यावेत, असं फार मनात होतं. बोटं शिवशिवत होती. पण खिडकीवर दाखल्यासाठी लोक उभे होते.

शिक्का मारलेली प्रत घेऊन मी दवनीवाड्याला गेलो. धानाच्या रोवणीचे दिवस. ताई बांधीतून आल्या, पायाचा चिखल धुतला, मला ओसरीत बसवलं, पाणी दिलं. मुलीचा प्रवेश झाला होता, पण ती पाठवायची कशी ते ठरत नव्हतं. गावात काय बोलतात तेही त्यांनीच सांगितलं. दवनीवाड्याच्या बाईने रागात सडक अर्जुनीचे कागद नासवले. कोहमाऱ्याकडे दिलेली एक नणंद होती, ती बोलायची बंद झाली होती. ज्या पानांवर दोन वर्षं फुंकर घातली, ती मी नासवली म्हणतात, हे सांगताना त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, संताप होता, आणि तो मला बरा वाटला. मी पत्र पुढे केलं.

त्यांनी ते रजिस्टर वाचावं तसं वाचलं, ओळीवर बोट ठेवून, सव्वीसही नावं. मग उठून आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. कामावरून काढताना कंत्राटदाराने त्यांना त्याची प्रत दिली होती. बडे बाबूंचा प्रश्न आणि खाली माझं उत्तर. त्यांनी दोन्ही कागद ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले.

"हे आता लिहिलं तुमी, चांगलं लिहिलं. त्या दिवशी काऊन नाही लिहिलं?"

मी म्हणालो, तेव्हा त्यांनी फक्त तुमच्याबद्दलच विचारलं होतं. जे विचारलं तेवढंच मी लिहिलं. आणि लिहिलं ते खोटं नव्हतं.

"खोटं लिहिलं म्हणून नाही म्हणत मी. खरंच लिहिलं तुमी." त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "पण जागा होती ना, भाऊ?"

मी कागद पाहिला. एक ओळ, माझी सही, आणि तिथून खाली शेवटपर्यंत तो कोरा होता.